अवजलाचा हिशेब

चिपळूण तालुक्यातल्या पोफळीच्या भूमिगत वीजगृहातली जनित्रे १९६२ साली फिरू लागली. साताऱ्याकडे अडवलेले कोयनेचे पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून येते आणि सुमारे पावणेपाचशे मीटर खाली कोसळून चक्रे फिरवते. पुढे त्याचे अवजल कोळकेवाडीला अडवून त्यावर पुन्हा वीज काढली जाते, मग ते वाशिष्ठीला मिळते. १९९९ आणि २०१२ सालच्या लेक टॅपिंगमुळे, म्हणजे जलाशयाला पाण्याखालून दिलेल्या छेदांमुळे, अधिक खोलवरचे पाणी कोयना प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याच्या १००० मेगावॉटला उपलब्ध झाले. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत नवीकरणीय ऊर्जेची जागतिक क्षमता २०३० पर्यंत तिप्पट करण्याचे ठरले. पण सौरऊर्जा कितीही वाढली, तरी दिवेलागणीला, मागणी चढते तेव्हाच, ती मावळते. कोळशाच्या संचाला थंड अवस्थेतून उठायला तास लागतात, पोफळीच्या संचाला काही मिनिटे. म्हणून साठ वर्षांचे हे जुने काम मला आजच्या ऊर्जाबदलाचा कणा वाटते.

पोफळीच्याच जिल्ह्यात गुहागरजवळ अंजनवेलला उभ्या राहिलेल्या दाभोळ प्रकल्पाकडे पाहिले, की हे अधिक पटते. १९९२ च्या सामंजस्य करारापासून गाजलेला एन्रॉनचा हा प्रकल्प १९९९ मध्ये नाफ्थ्यावर सुरू झाला. इंधनाचा भाव आणि डॉलरचा दर चढला की वीज महागणार, हे करारातच होते. २००१ मध्ये वीज मंडळाने खरेदी थांबवली. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर म्हणून त्याचा नवा संसार मांडला, तर पुढे देशी वायूच आटला. यंत्रे उत्तम होती, पण इंधनाची किल्ली दुसऱ्याच्या हाती होती. पोफळीचे इंधन दर पावसाळ्यात भरते.

यावर पहिला आक्षेप पाण्याचा, आणि तो वजनदार आहे. कृष्णा लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे, आणि दुष्काळात पूर्वेकडची शेती ते पाणी मागणारच. मात्र यातून पोफळी बंद करावी असे निघत नाही. ऊन असताना ते पाणी राखावे आणि संध्याकाळीच सोडावे, असे निघते. शिवाय घाटघरला २००८ पासून २५० मेगावॉटची उदंचन योजना तेच पाणी खाली सोडते आणि पुन्हा वर चढवते. त्यात नदीचे पाणी कायमचे वळवावे लागत नाही. दुसरा आक्षेप माणसांचा आहे आणि त्याला असे तांत्रिक उत्तर नाही. धरणासाठी उठवलेल्या कोयनेच्या प्रकल्पग्रस्तांना अर्धशतक उलटल्यावरही जमिनीसाठी आंदोलने करावी लागली. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले, तेव्हा कोळकेवाडीच्या विसर्गावरून वाद पेटला. या वीजगृहांतून राज्याच्या गिरण्या-कारखान्यांना वीज गेली, हे खरेच. पण विस्थापितांच्या हक्काची जमीन त्या हिशेबात धरलीच गेली नाही. आता सह्याद्रीत नव्या उदंचन योजनांचे प्रस्ताव येत आहेत. त्यांच्या मंजुरीच्या कागदावर मेगावॉटच्या आधी उठणाऱ्या घरांची यादी आणि त्यांना मिळणाऱ्या जमिनीचे सातबारे जोडलेले असले पाहिजेत.