कूळ, भाडेकरू आणि अकरा महिने

घर भाड्याने देताना करार अकराच महिन्यांचा का करतात? बारा का नाही? बऱ्याच जणांना विचारून पाहिलं. "तशीच पद्धत आहे" इथपासून "वर्ष भरलं की भाडेकरूचा हक्क लागतो" इथपर्यंत उत्तरं मिळाली. आमच्या जित्याला विचारलं तर उत्तरात हमखास आणखी एक शब्द येतो. "घर दिलंस तर कूळ लागेल हो!"

जिते हे पेण तालुक्यातलं, पनवेल-रोहा रेल्वेवर आपटा आणि हमरापूरच्या मधलं गाव. (नातेवाईक मंडळींनी हे वाक्य सोडून द्यावं.) शेजारी हमरापूर-जोह्याला गणपतीचे कारखाने, पलीकडे रसायनी. खोली शोधणारा माणूस इथे काही दुर्मीळ नाही. तरी मालक मुंबईला, किल्ली शेजारी आणि घराला कुलूप, हे दृश्य नेहमीचं. ही भीती आली कुठून ते शोधायला गेलं, तर जिल्ह्याचा जुना इतिहासच हाती लागतो.

१९८१ पर्यंत या जिल्ह्याचं नाव कुलाबा. हा खोतीचा मुलूख. जमीन खोताची, राबणारं कूळ. १९३३ साली अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली, खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असं ठरवलं आणि हा संप १९३९ पर्यंत टिकवला. मधे १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ ला कसणारं कूळ त्या जमिनीचा खरेदीदार मानलं गेलं. ज्यांना जमीन मिळाली त्यांच्या घरी हा न्याय ठरला. ज्यांची गेली त्यांच्या घरी एक धडा उरला : वस्तू दुसऱ्याच्या हाती दिली की गेली!

पण हा कायदा शेतजमिनीचा. घरभाड्याची गोष्ट वेगळी, आणि ती घडली मुंबईत.

पहिल्या महायुद्धात तिथे जागांची टंचाई झाली, म्हणून १९१८ साली भाड्यावर पहिलं नियंत्रण आलं. १९४७ च्या कायद्याने प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी बांधून टाकलं. हेतू चांगलाच होता, गरिबाच्या डोक्यावरचं छप्पर टिकावं हा. पण भाडं थांबलं तरी चुना, लाकूड आणि गवंड्याची मजुरी थोडीच थांबते? मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतलं. जुन्या इमारती धोकादायक झाल्या आणि १९६९ साली सरकारलाच कायदा करून दुरुस्ती मंडळ काढावं लागलं, त्यासाठी उपकर बसवावा लागला. मालकांनी 'लीव्ह अँड लायसन्स'ची वाट काढली, तर १ फेब्रुवारी १९७३ ला जागेत असलेले परवानाधारकही कायद्याने भाडेकरू ठरले. मुंबईच्या चाळीत राहणाऱ्या जितेकराने हे ऐकलं असणार, आणि गावाकडची कुळाची भीती या नव्या भीतीला जाऊन चिकटली असणार.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेलं भाडं अवाजवी ठरवलं. मग ३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्यात भाडं वर्षाला ४ टक्के वाढवण्याची मुभा आहे. दुरुस्ती मात्र मालकाचीच. नोटीस देऊन १५ दिवसांत त्याने ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. मला हे कलम फार आवडतं. भाडं आणि दुरुस्ती ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत, हे पन्नास वर्षांनी का होईना, कबूल झालं.

आता ते अकरा महिने. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. तो खर्च नको, म्हणून अकरा. बस्स, एवढंच! कुळाचा इथे काडीचाही संबंध नाही. नव्या कायद्याने तर ही पळवाटही बुजवली. मुदत कितीही असो, करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदला नाही तर भाडेकरू अटी जशा सांगेल तशा खऱ्या धरल्या जातात. म्हणजे घर जाईल या धास्तीने जो कागद टाळायचा, तोच खरा मालकाचा आधार. (कायदा त्याच्या अनुसूचीतल्या भागांनाच लागू होतो, तेव्हा आपलं ठिकाण त्यात आहे का ते आधी पाहावं.)

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आमचं जित्याचं घर. आजी गेल्यापासून ते बंद आहे. कोकणातल्या पावसात बंद घराचं काय होतं ते सांगायला नको. एक कौल सरकतं, वासा भिजतो, मग वाळवी येते. आत राहणारं माणूस असेल तर पहिल्याच सरीला गळती कळते. तेव्हा काका-आत्या मंडळी, माझं म्हणणं एवढंच : रीतसर नोंदलेला करार करू, भाड्यातला ठरावीक हिस्सा शाकारणीसाठी बाजूला ठेवू आणि चांगलं कुटुंब बघून घर देऊ. कुळाने आपलं घर कधीच नेलं नसतं. वाळवी मात्र नेते आहे.