भावगीत, बाजाची पेटी आणि कॅराओके

हल्ली आपल्याकडे कॅराओकेचं भलतंच पीक आलंय. सोसायटीचं गॅदरिंग असो, कुणाची एकसष्टी असो, नाहीतर परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाची संक्रांत असो. जेवणं उरकली की कुणीतरी स्पीकर जोडतं, मोबाईलवर ट्रॅक लागतो आणि एरवी चार शब्द बोलायला महाग असलेले काका माइक सोडायला तयार नसतात. गाणं शिकलेली मंडळी नाकं मुरडतात. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायचे धंदे, म्हणतात.

मला मात्र वाटतं की मराठी भावगीताचा इतिहास पाहिला तर कॅराओके आपल्याला परकं नाहीच. कारण भावगीत जन्माला आलं तेच मुळी साध्या माणसाच्या गळ्यासाठी.

जरा मागे जाऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी माणसाचं आवडतं गाणं म्हणजे नाट्यसंगीत. पण ते ऐकायचं गाणं. ताना, हरकती, रागाची बैठक... हे सगळं तालमीशिवाय यायचं नाही. घरी गुणगुणायला गेलं तर दुसऱ्या ओळीला दम लागायचा. मग १९३० च्या दशकात दोन-तीन गोष्टी एकदम घडल्या. बोलपट आले, नाटक कंपन्यांना उतरती कळा लागली आणि ग्रामोफोनच्या तबकड्या मध्यमवर्गाच्या घरात शिरल्या. तबकडीच्या एका बाजूला मावायची तीन-साडेतीन मिनिटं. त्यात राग कुठला आळवणार? पण एक धृवपद आणि दोन-तीन कडवी अगदी चपखल बसायची. म्हणजे भावगीताचा आकार कवींनी ठरवला तितकाच तबकडीनेही ठरवला!

याच काळात जी. एन. जोशी यांनी न. घ. देशपांड्यांची 'शीळ' ही कविता गाऊन रेकॉर्ड केली आणि ती गाजली. गंमत बघा, जोशी कायदा शिकलेले आणि देशपांडे विदर्भात मेहकरला वकिली करणारे. दोघंही पिढीजात गवयांच्या घरातले नव्हेत. 'असं गाणं आपल्यालाही म्हणता येईल' ही भावना तिथून रुजली असावी. पुढे गजाननराव वाटवे यांनी गणेशोत्सवाच्या मांडवांतून, नुसत्या पेटी-तबल्यावर भावगीतं लोकांपर्यंत नेली. मांडवातून घरी जाताना लोकांच्या ओठांवर चाल असायची.

मग आलं गीतरामायण. १ एप्रिल १९५५, रामनवमीचा दिवस. पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक गाणं, वर्षभर. त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे बावन्नाची छप्पन्न गाणी झाली. गदिमांचे शब्द, सुधीर फडके म्हणजे बाबूजींचं संगीत, आणि गायला माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारखी दिग्गज मंडळी. पण मला यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. गाणं प्रसारित झालं की पुण्याची वर्तमानपत्रं त्याचे शब्द छापत. पुढे १९५७ मध्ये खिशात मावेल असं पुस्तकही निघालं. शब्द हातात, चाल कानात. कॅराओकेच्या पडद्यावर ओळी रंगत जातात, ते काम तेव्हा वर्तमानपत्राच्या कात्रणाने केलं, एवढंच!

१९६२ साली आकाशवाणीवर 'शुक्रतारा' आलं. मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे, आणि गायला अरुण दाते व सुधा मल्होत्रा. दाते इंदूरचे, पेशाने वस्त्रोद्योगातले इंजिनियर, गळ्यात उर्दू गझल. मराठी गायला आधी ते राजीच नव्हते. मे २०१८ मध्ये ते गेले तोवर त्यांच्या 'शुक्रतारा' कार्यक्रमाचे हजारो प्रयोग झाले होते. त्यांच्या आवाजात पल्लेदार ताना नव्हत्या. मित्राने शेजारी बसून सांगावं तसा तो आवाज. म्हणूनच की काय, ऐकणाऱ्याला धीर यायचा.

आता थोडं जपानकडे वळू. 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' हा ऑर्केस्ट्राच्या जपानी रूपाचा तुकडा. रिकामा ऑर्केस्ट्रा. म्हणजे वादक आहेत, गायकाची जागा मोकळी. १९६७ मध्ये टोकियोच्या शिगेइची नेगिशी यांनी असं एक यंत्र बनवलं. त्यांचं जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी निधन झालं. पण कॅराओकेचा जनक म्हणून जास्त नाव झालं ते कोबेच्या दाइसुके इनोउए यांचं. हा बारमध्ये गिऱ्हाइकांना साथ करणारा वादक. एका कंपनीचा मालक त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक. त्याला सहलीला जायचं होतं आणि तिथे गायचं होतं, पण इनोउएला बरोबर जाणं शक्य नव्हतं. मग त्याने त्या मालकाच्या गळ्याला झेपेल अशी साथ टेपवर वाजवून दिली. त्यातून १९७१ मध्ये अकरा यंत्रं तयार झाली आणि बारना भाड्याने दिली गेली. पेटंट घेतलं नाही, त्यामुळे अब्जावधींच्या धंद्यातला वाटा हुकला. २००४ मध्ये त्याला इग नोबेल मिळालं, तेही शांततेचं. कारण काय, तर माणसांना एकमेकांना सहन करण्याचा नवा मार्ग दाखवला म्हणून!

हसून सोडून द्यायची गोष्ट नाही ही. कॅराओकेची पहिली टेप एका विशिष्ट माणसाच्या गळ्यासाठी होती. साथ गाणाऱ्याच्या मागून चालली होती. आणि नेमकं हेच आज हरवलंय.

माझ्या आत्याचं उदाहरण देतो. आमच्याकडच्यांना माहीत आहेच, घरात गाणं म्हणजे आत्या आणि पेटीवर आमचे यजमान-मामा. तिचा श्वास संपला की त्यांची पेटी थांबायची. तिला सर्दी झाली असली तर न सांगता अर्धी पट्टी खाली यायची. मामा गेले आणि आत्याचं गाणं बंद झालं. सहा वर्षं. आता शेजारणींच्या आग्रहाने कॅराओकेच्या गटात जाते. पहिल्यांदा बाबूजींचं एक गाणं घेतलं आणि अर्ध्यातच बसली. पुरुषांची पट्टी, तिला फार खाली. आणि ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. घरी येऊन म्हणाली, "वाजतंय छान रे, पण ऐकत नाहीये ते माझं."

या एका वाक्यात सगळं आलं. पेटीवाला ऐकत होता, ट्रॅक ऐकत नाही. पण उपाय आहेत. मोबाईलवर पट्टी बदलता येते, लयही थोडी कमी करता येते. काळी एकचं गाणं काळी चारवर नेलं की बायकांना सुखाने म्हणता येतं. आत्याला तेवढं करून दिलं. आता ती गाते. मामांची जागा भरली, असं मी म्हणणार नाही. पण गाणं परत सुरू झालं, हे काही थोडं नाही.

शेवटी, कुठली गाणी ऐकावीत आणि कुठली गावीत? माझं मत सांगतो. हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली मन लावून ऐकाव्यात. माइकवर त्यांच्या वाटेला जाताना दहादा विचार करावा. खळेकाकांच्या चाली फसव्या. ऐकताना सोप्या, गाताना घाम फोडणाऱ्या. घरी दहा वेळा म्हणून मगच चारचौघांत घ्याव्यात. गीतरामायणातली गाणी कडव्यांनी लांब, तेव्हा निवडक कडवीच घ्यावीत, पाहुणे दुवा देतील. वाटव्यांची, दात्यांची गाणी मात्र कुणीही घ्यावीत, ती तुमच्या-माझ्यासाठीच आहेत. आणि हिंदीतच रमणाऱ्या काकांना मराठीकडे वळवायचं असेल तर श्रीकांत ठाकरे यांच्या संगीतातली महंमद रफींची मराठी गाणी पुढे करावीत. हा उपाय सहसा वाया जात नाही.

आणि कुणी ट्रॅकच्या पुढेमागे झालंच, तर हसू नका. तबकडी होती, रेडिओ होता, कात्रण होतं, आता ट्रॅक आहे. साधनं बदलत गेली. ऐकून घेणारं माणूस मात्र दरवेळी लागलंच. पेटीवाला नसेल तिथे ते काम समोर बसलेल्यांनी करायचं. टाळ्या नंतर वाजवा, आधी ऐका.