घोंगडीवर उभं राहून बघा

पिंपळे गुरवमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये चपला बाहेर काढून तुम्ही आत येता. फरशीवर एकीला एक लावून घोंगड्या अंथरल्या आहेत आणि वीसेक माणसं त्यांवर ऐसपैस उभी आहेत. प्रयोगाची संहिता वाचणाऱ्या ताई आंबेगाव तालुक्यातल्या, महादेव कोळी घरच्या. "ही सगळी सह्याद्रीची जमीन. साल १८१८. पाय रोवून उभे राहा."

आता तुम्ही भीमाशंकरच्या अंगाला, नाचणीच्या वरकस उतारावर आहात. तोडलेल्या फांद्यांचा राब जळतोय, धूर डोळ्यांत जातोय. घरातला कर्ता किल्ल्याच्या राखणीला असतो. पेशवाई बुडते, पुढच्या काही वर्षांत राखणीचं काम जातं आणि सारा मात्र रोख मागतात. रोख आणायची कुठून? सावकाराच्या ओट्यावर बसून तुम्ही खतावर निशाणी करता. कागदावर काय लिहिलंय ते तुम्हाला कुणी वाचून दाखवत नाही. एक घोंगडी दुमडली जाते, शेजाऱ्याचा खांदा तुम्हाला लागतो.

देवगावचे राघोजी भांगरे रानात शिरलेत, सावकार गावं सोडून पळताहेत. रात्री तुम्ही भाकरी बांधून देता, सकाळी शिपायांपुढे "कुणाला पाहिलं नाही" म्हणता. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात राघोजींना फाशी होते. सुरुवातीला वाटलेल्या चिठ्ठ्यांतली लाल चिठ्ठी ज्यांच्या हाती आहे, ते घोंगडीवरून उतरून भिंतीशी जातात.

१८७८ चा वनकायदा येतो. रान 'राखीव' होतं. राबाच्या फांदीसाठी, मोळीसाठी, गुरांच्या चाऱ्यासाठी गार्डाची मर्जी बघायची. आणखी घड्या पडतात. आता तुम्ही एका पायावर आहात आणि पडू नये म्हणून अनोळखी माणसाचा दंड धरलाय.

साहेब गेला, आता हे थांबेल असं तुम्हाला वाटतं. ताई थांबत नाहीत. डिंभे धरण होतं. तालुक्याला ज्याचं नाव, ते आंबेगावच पाण्याखाली जातं. १९८५ ला भीमाशंकर अभयारण्य होतं. २००६ च्या वनहक्क कायद्याला एक घडी उलगडते, एकच. 'ऐतिहासिक अन्याय' झाल्याचं त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच कबूल केलंय.

हा प्रयोग मूळचा कॅनडातला. आजच्या 'कैरोस' संस्थेच्या पूर्वीच्या संघटनेने १९९७ मध्ये तिथल्या आदिवासींसोबत तो ब्लँकेटवर बसवला. आपल्याकडे त्याला घोंगडी फार नेमकी बसते. एका पायावर उभं राहून दोन मिनिटांत जे कळतं, ते शाळेच्या पुस्तकातल्या 'कोळ्यांचा उठाव' या एका ओळीतून मला कधी कळलं नव्हतं.

तुमच्या सोसायटीत हा प्रयोग जरूर करा. मात्र वाचायला आंबेगाव, जुन्नर, अकोले तालुक्यांकडच्या आदिवासी घरातलं माणूस बोलवा. पिंपळे गुरव, सांगवी, भोसरीत त्या खोऱ्यांतून आलेली घरं आहेत. वाचणाऱ्यांना मानधन द्या, आणि कोणती घडी कधी घालायची हे त्यांनाच ठरवू द्या.