दुष्काळाची दोन उत्तरे : हमी आणि उचल

१/
पाऊस येईल की नाही, हे ज्या मुलखाला कधीच खात्रीने सांगता येत नाही, तेथील माणसे उद्याची तजवीज कशी करतात? बीड जिल्ह्याच्या गेल्या पन्नास-साठ वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाची दोन उत्तरे सापडतात. एक कायद्याच्या पुस्तकात नोंदले गेले, दुसरे मुकादमाच्या वहीत.

२/
बीड सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. उत्तरेला गेवराई-माजलगावकडे गोदाकाठची काळी जमीन आहे. बालाघाटावर, आष्टी-पाटोदा-शिरूर कासार-धारूरकडे, बराचसा मुरमाड माळ. खरिपाची बाजरी निघाली की माळावरचे काम संपते. आणि बाजरी निघेलच, असेही नाही.

३/
१९७० ते १९७३ या काळात पावसाने ओळीने दगा दिला. सरकारने दुष्काळी कामे काढली. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसे खडी फोडत होती, पाझर तलावांचे भराव टाकत होती, रस्ते बांधत होती. सुकडी आणि अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो यांची चव मराठवाड्यातील वडीलधारी मंडळी अजून विसरलेली नाहीत.

४/
याच काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना मूळ धरू लागली : काम मागणाऱ्यास काम देणे हे सरकारचे औदार्य नव्हे, कर्तव्य मानावे. रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने १९७७ मध्ये संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ च्या देशव्यापी कायद्याचे बीज येथेच आहे.

५/
याचा खर्च कोणी सोसायचा? त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. मुंबई-पुण्यातील नोकरदाराच्या पगारातून आजही दरमहा कापले जाणारे २०० रुपये मुळात माळावरच्या मजुराच्या कामासाठी होते. शहराने खेड्याच्या अनिश्चिततेचा एक वाटा उचलावा, असा हा रोकडा करार होता.

६/
दुसरे उत्तर पश्चिमेकडून आले. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढील दशकांत अहमदनगर, सांगली, कोल्हापूर, पुणे, सोलापूरकडे धुराडी वाढत गेली. उसाचा एक स्वभाव आहे : तोडल्यावर तो लवकर गाळला नाही, तर त्यातील साखर घटते. कारखान्याला म्हणूनच दुष्काळाइतकीच मोठी एक धास्ती असते. ऐन हंगामात तोडणारे हात कमी पडले तर?

७/
या दोन धास्तींची गाठ जिथे पडली, तिथे 'उचल' रुजली. ही पद्धत १९७२ च्या आधीचीच. दुष्काळानंतर ती फोफावली. कारखान्याकडून वाहतूक ठेकेदारामार्फत पैसा मुकादमाकडे येतो आणि मुकादम तो पावसाळ्यात, हाताला काम नसताना, मजुरांना देतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड निघते. हिशेबाचे एकक माणूस नसून 'कोयता' असते, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्याचा अर्धा कोयता. फडाजवळ कोपी उभी राहते, पहाटेपासून तोडणी चालते, रात्री-अपरात्री गाडी आली तरी मोळ्या भराव्या लागतात. मजुरी टनावर. ती रोज हाती पडत नाही. उचलीतून वळती होते.

८/
येथे एक प्रश्न उभा राहतो. गावातच कामाची हमी असताना माणसे शेकडो किलोमीटर का जातात? उत्तर पैशाच्या आकारात आहे. रोजगार हमीचे पैसे कामाचे मोजमाप झाल्यावर थोडेथोडे येतात, अनेकदा उशिरा. दवाखाना, लग्न, बियाणे, आटलेली विहीर यांना लागते ती एकरकमी रोकड, आणि तीही आज. कायद्याने दिवसाची मजुरी पाहिली. मुकादमाने वर्षाची नड ओळखली. ऊसतोड मजुराला अडाणी समजणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

९/
मात्र उचलीने अनिश्चितता संपवली नाही, ती फक्त खाली सरकवली. कारखान्याला हात मिळाले आणि धोका कोयत्याकडे गेला. एक दिवस काम चुकले की 'खाडा' पडतो आणि दंड वहीत चढतो. आजारपण, बाळंतपण, मासिक पाळी, सगळ्याची किंमत ठरलेली. २०१९ मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा बीडमध्ये पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले.

१०/
मुकादमाची बाजूही निर्धोक नसते. उचल घेऊन एखादी टोळी आलीच नाही, तर कारखान्याच्या लेखी देणेकरी तोच. या भीतीपायी अडवणूक आणि डांबून ठेवण्याचे प्रकार घडतात आणि पोलीस ठाण्यापर्यंत जातात.

११/
मजुरांनी हे सारे मुकाट सोसले, असेही नाही. बबनराव ढाकणे आणि पुढे गोपीनाथ मुंडे यांच्या नेतृत्वाखाली संप झाले, कोयते खाली ठेवले गेले. कारखानदारांच्या बाजूने शरद पवार आणि मजुरांच्या बाजूने मुंडे यांचा लवाद दर ठरवू लागला. जानेवारी २०२४ मध्ये तोडणी दरात ३४ टक्के वाढ झाली. ती टनाच्या दरात होती. खाड्याचा नियम होता तिथेच राहिला.

१२/
आता फडात ऊसतोडणी यंत्रे उतरू लागली आहेत. इकडे चैत्राच्या आसपास 'पट्टा पडतो', म्हणजे हंगाम संपतो, आणि मुकादमाची वही उघडते. उचल फिटली असेल, तर कोयता मोकळा. बाकी निघाली, तर ती पुढल्या सालच्या पहिल्या ओळीवर जाते. त्या वेळी बालाघाटावर पावसाला अजून दोन-अडीच महिने असतात.