आरोग्य केंद्र ‘आहे’ की ‘सज्ज आहे’? जव्हार-मोखाड्यातून समजून घेऊ

आरोग्य सेवेबद्दल विचारले की शासन आकडे सांगते: इतकी उपकेंद्रे, इतक्या खाटा, इतक्या रुग्णवाहिका. कार्यकर्ते म्हणून आपला प्रश्न त्याच्या पुढचा असला पाहिजे. ऑगस्टच्या पावसात रात्री अकरा वाजता अडलेली बाई केंद्राच्या दारात पोचली, तर तिथे तिच्यावर उपचार होतील का? केंद्र असणे म्हणजे उपलब्धता. त्या क्षणी उपचार देता येणे म्हणजे सज्जता. यादीतली इमारत म्हणजे सेवा नव्हे, हे आपल्याला पुराव्यासह मांडता आले पाहिजे.

सज्जता कशी मोजतात?

जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी एक पद्धत तयार केली आहे आणि अनेक देशांत ती वापरली गेली आहे. तिच्यात केंद्राची सर्वसाधारण तयारी पाच भागांत पाहतात: मूलभूत सोयी (वीज, पाणी, शौचालय, आडोशाची खोली, संपर्क, वाहन), साधी उपकरणे, संसर्ग टाळण्याची व्यवस्था, तपासण्या आणि अत्यावश्यक औषधे. यात महत्त्वाचे हे की वस्तू नोंदवहीत असून भागत नाही. ती भेटीच्या दिवशी दिसली पाहिजे आणि चालू असली पाहिजे. मुदत संपलेले औषध ‘नाही’ असेच धरतात.

भारतात यासाठी ‘भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके’ आहेत. ती २००७ मध्ये आली आणि २०१२ व २०२२ मध्ये सुधारली गेली. २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पडताळणीत सुमारे ४० हजार आरोग्य संस्थांची माहिती भरली गेली. त्यांपैकी ८० टक्के किंवा त्याहून जास्त गुण मिळवणाऱ्या संस्था सुमारे ८ हजार होत्या, म्हणजे पाचात एक. ही माहिती संस्थांनी स्वतःच भरलेली होती, हेही लक्षात ठेवावे.

जव्हार-मोखाड्याचा हिशेब

डोंगराळ आणि आदिवासी भागासाठी निकष असा आहे: ३ हजार लोकांमागे एक उपकेंद्र, २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ८० हजारांमागे एक ग्रामीण रुग्णालय. २०११ च्या जनगणनेत मोखाडा तालुक्याची लोकसंख्या सुमारे ८३ हजार होती. म्हणजे त्या वेळच्या लोकसंख्येलाच ४ प्राथमिक केंद्रे आणि २७ उपकेंद्रे हवीत. जव्हार शहर वगळून तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख २८ हजार होती. तिथे ६ प्राथमिक केंद्रे आणि ४२ उपकेंद्रे हवीत. आज प्रत्यक्षात किती आहेत आणि त्यांतली किती कर्मचाऱ्यांसह चालू आहेत, हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावे. उपलब्धतेचा हिशेब इथे संपतो आणि सज्जतेचा सुरू होतो.

जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे. तरीही गुंतागुंतीच्या रुग्णाला नाशिक किंवा सिल्वासाला पाठवावे लागते. जव्हारहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर, तेही घाटाने. शस्त्रक्रियेने प्रसूती, आजारी नवजात बाळावर उपचार आणि रक्तसाठा या तीन गोष्टी चोवीस तास मिळाल्या, तरच रुग्णालयाला ‘प्रथम संदर्भ केंद्र’ म्हणता येते. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ तिघेही हवेत. एकाचे पद रिकामे राहिले की उरलेल्यांचे हातही बांधले जातात.

हा प्रश्न जुना आहे. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. पुढे १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली, भरारी पथके आली. २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा पालघर जिल्हा झाला. तरी २०२२ च्या पावसाळ्यात मोखाड्यातल्या एका पाड्यावर जुळी बाळे दगावली आणि त्यांच्या आईला झोळीतून रस्त्यापर्यंत न्यावे लागले. पाड्यापासून रस्त्यापर्यंतचे अंतर लोकसंख्येच्या निकषात कुठेच धरलेले नाही.

भेटीत काय पाहावे?

– प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवणारे ऑक्सिटोसिन आहे का, आणि ते शीतकपाटात ठेवले आहे का? वीज गेल्यावर ते थंड राहते का?
– झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट, सर्पदंशावरची लस, जुलाबासाठी ओआरएस आणि झिंक आहे का?
– हिमोग्लोबिन, मलेरिया आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी आज होते का?
– रात्री वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिका मुक्कामी असतात का? निवासस्थान राहण्याजोगे आहे का?
– १०२ किंवा १०८ ला फोन लागतो का? पाड्यावर नेटवर्क आहे का? गाडी किती वेळात येते?
– ‘माहेरघर’ची खोली उघडी आणि वापरात आहे का?

हाच तक्ता वर्षातून चार वेळा भरावा. एक भेट पावसाळ्यात आणि एक रात्री असलीच पाहिजे. दिवाळीनंतर बरीच कुटुंबे वीटभट्टीवर आणि बांधकामावर स्थलांतर करतात. तेव्हा केंद्रातली गर्दी कमी दिसते, म्हणून गरज कमी झाली असे समजू नये.

आपला अधिकार

संविधानाच्या अनुच्छेद ४७ नुसार सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. सरकारी रुग्णालयात वेळेवर तातडीचे उपचार न मिळणे म्हणजे अनुच्छेद २१ चा भंग, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या प्रकरणात सांगितले. पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही स्पष्ट केले. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीत आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभांना व पंचायतींना सामाजिक क्षेत्रातील संस्थांवर नियंत्रणाचा अधिकार दिला आहे. माहितीचा अधिकार तर सर्वांनाच आहे. लोकाधारित देखरेख महाराष्ट्रात २००७ मध्ये ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत तेव्हाचा ठाणे जिल्हा होता. गावाने केंद्र तपासावे, प्रगतिपुस्तक भरावे आणि जनसुनवाईत मांडावे, ही पद्धत इथे नवी नाही.

एक पथ्य मात्र पाळू या. औषध संपले म्हणून समोरच्या परिचारिकेला किंवा आशाताईला जाब विचारू नये. साठा पाठवणे आणि पद भरणे त्यांच्या हातात नसते. बऱ्याचदा काय कमी आहे हे त्याच आपल्याला नेमके सांगतात. भरलेला तक्ता आधी ग्रामसभेत वाचू या, ठराव घेऊ या आणि त्याची प्रत तालुका व जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना देऊन पोच घेऊ या. ‘सेवा मिळत नाही’ या तक्रारीला आश्वासन मिळते. ‘अमुक तारखेला, अमुक केंद्रात, ही चार औषधे नव्हती’ या ठरावाला उत्तर द्यावे लागते.