आणेवारीपासून नमुना पाहणीपर्यंत : संख्याशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमाची भारतीय पूर्वपीठिका

महाविद्यालयात संख्याशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम घेणारा विद्यार्थी आता केवळ गणिताचा राहिलेला नाही. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा अनेक शाखांतील विद्यार्थ्यांना हा विषय कमीअधिक प्रमाणात घ्यावा लागतो. त्याचा क्रमही बहुधा ठरलेला असतो : वारंवारता सारणी, मध्य-मध्यक-बहुलक, प्रमाण विचलन, सहसंबंध, संभाव्यता आणि अखेरीस नमुना व अनुमान. यांत भेटणारी नावे गाउस, पिअर्सन, फिशर यांची असल्यामुळे हे शास्त्र इंग्रजी अमदानीबरोबर आयते आले, अशी समजूत सहज होते. अभ्यासक्रमातील अखेरचे प्रकरण, म्हणजे नमुना, भारतात ज्या प्रश्नातून आकाराला आले, तो प्रश्न मात्र येथल्या शेताच्या बांधावरचा होता. त्या प्रश्नाचा इतिहास मांडणे व त्याच्या विस्मरणाने अध्यापनाचे काय नुकसान होते याचा विचार करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘सरासरी’, ‘नमुना’, ‘अंदाज’ हे तिन्ही शब्द मराठीत फारसीतून आले आणि व्यवहारात व कारभारात रुळले. संख्याशास्त्राची पाठ्यपुस्तके लिहिली जाण्याच्या कितीतरी आधीपासून मराठी माणूस ते वापरीत होता. ‘आणेवारी’ हा शब्द याच कुळातला. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे असे धरून यंदाचे पीक किती आणे आले हे गावकामगार व महसूल अधिकारी ठरवीत. हे ठरविणे नजरअंदाजाने होई. अधिकारी शिवारात फिरे, पीक पाही आणि आकडा लिही. त्या आकड्यात दोन अनिश्चित गोष्टी एकत्र आलेल्या असत. यंदाचे पीक किती, हा एक अंदाज. आणि ‘सोळा आणे’ म्हणजे नेमके किती, हा दुसरा. भागाकारातील अंश आणि छेद दोन्ही डोळ्यांनी मोजलेले असतील, तर आलेल्या उत्तराची खातरी कोणी द्यावयाची?

हा प्रश्न १९१८ साली मुंबई इलाख्यातील खेडा जिल्ह्यात राजकीय झाला. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असल्यास त्या वर्षीच्या साऱ्याची वसुली संपूर्ण तहकूब करावी, असा महसुली नियम होता. सरकारी आकडे चार आण्यांहून अधिक पीक दाखवीत होते. शेतकऱ्यांचे म्हणणे पीक त्याहून कमी आहे असे होते. भारत सेवक समाजाचे गो. कृ. देवधर, ना. म. जोशी व अमृतलाल ठक्कर यांनी तेथे चौकशी केली. गांधीजींनीही पाहणी करविली आणि मार्च १९१८ मध्ये नडियाद येथून सत्याग्रह सुरू झाला. या लढ्याचा राजकीय अर्थ सर्वपरिचित आहे. ज्ञानाच्या इतिहासात त्याचे जे स्थान आहे, त्याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. एकाच शिवाराबद्दल दोन आकडे समोर होते आणि त्यांतील कोणता खरा हे ठरविण्याची उभयमान्य रीत नव्हती. रीत नसली की आकडा अधिकाराने ठरतो. ज्याच्या हाती दप्तर, त्याचा आकडा.

अशी रीत घडविण्याचे काम पुढे कोलकात्यात सुरू झाले. प्रशांतचंद्र महालनोबिस हे प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. केंब्रिजहून १९१५ मध्ये परतताना त्यांनी ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाचे अंक बरोबर आणले आणि त्यांतून त्यांना या विषयाची गोडी लागली. कॉलेजातील त्यांच्या लहानशा प्रयोगशाळेतून १९३१ मध्ये भारतीय संख्याशास्त्र संस्था उभी राहिली. १९३३ मध्ये ‘संख्या’ हे नियतकालिक निघाले. फिशर यांच्या अध्यक्षतेखाली १९३८ च्या जानेवारीत पहिली भारतीय संख्याशास्त्र परिषद कोलकात्यात भरली. कोलकाता विद्यापीठात १९४१ मध्ये स्वतंत्र पदव्युत्तर विभाग सुरू झाला. म्हणजे हा विषय महाविद्यालयाच्या वर्गात स्थिर होण्यापूर्वीच बंगालच्या तागाच्या शेतांत पाहण्या सुरू झाल्या होत्या. क्षेत्रकार्य आधी आणि अभ्यासक्रम नंतर, असा हा क्रम होता.

या कार्यात मराठी भाषकांचा वाटा मोठा होता आणि तो बहुतांशी महाराष्ट्राबाहेर घडला. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन लंडनला गेले. तेथे १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवून परतल्यावर त्यांनी दिल्लीत केंद्रीय कृषी संशोधन परिषदेच्या संख्याशास्त्र शाखेची उभारणी केली. इंदूरच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’मध्ये कापसावर काम केलेले विनायक गोविंद पानसे हे त्यांचे सहकारी. या दोघांचे शेती-संशोधकांसाठी लिहिलेले संख्याशास्त्रीय पद्धतींचे इंग्रजी पुस्तक १९५४ मध्ये निघाले आणि देशभरातील कृषी महाविद्यालयांत ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले.

सुखात्मे-पानसे यांनी रुजविलेली पीक कापणी प्रयोगाची रीत तत्त्वतः साधी आहे. गावे, त्यांतील शेते आणि शेतातील कापावयाचा तुकडा यांची निवड यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून करावयाची. तुकडा मोजून आखावयाचा, कापावयाचा, मळावयाचा आणि धान्य तोलावयाचे. चांगले पीक दाखवावे की वाईट, ही निवड पाटलाच्या हाती राहत नाही आणि अधिकाऱ्याच्याही हाती राहत नाही. खेड्याच्या वादात जे नव्हते ते हेच.

तुकडा केवढा असावा, यावर मात्र महालनोबिस आणि सुखात्मे यांच्यात १९४० च्या दशकात तीव्र मतभेद झाला. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते : तुकडा लहान असला की खर्च कमी आणि तेवढ्याच पैशात अधिक ठिकाणी कापणी शक्य. सुखात्मे यांनी प्रयोगांच्या आधारे दाखविले की, फार लहान तुकड्यांवरून काढलेले उत्पन्न खऱ्यापेक्षा अधिक भरते. कारण सीमेवर येणारी रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो आणि तुकडा जितका लहान, तितके क्षेत्रफळाच्या मानाने सीमेचे प्रमाण अधिक. यादृच्छिक चूक दोन्ही बाजूंना होते आणि नमुने वाढविल्यास कमी होते. अभिनती मात्र एकाच बाजूला झुकलेली असते आणि हजार तुकडे कापले तरी ती तशीच राहते. प्राथमिक अभ्यासक्रमात हा भेद दोन व्याख्यांत उरकला जातो. येथे तो देशाला धान्य किती पुरेल या प्रश्नाशी जोडलेला होता, आणि बंगालचा १९४३ चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता.

महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग १९५३ मध्ये सुरू झाला. मूळचे कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार हे त्याचे पहिले प्रमुख होत. गोखले संस्थेत वि. म. दांडेकरांनी नमुना पाहणी अर्थशास्त्राच्या सेवेला लावली. नीळकंठ रथ यांच्यासह १९७१ मध्ये त्यांनी केलेला भारतातील दारिद्र्याचा अभ्यास राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवर उभा आहे. पुढे विषय विस्तारला, महाविद्यालयांत पसरला आणि परीक्षेच्या चौकटीत बसला. विस्ताराबरोबर क्षेत्र मागे पडले. दिलेल्या वीस संख्यांचे प्रमाण विचलन विद्यार्थी बिनचूक काढतो. त्या संख्या कोणी, कोठे आणि कशा मोजल्या हे त्याला विचारले जात नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याचे नुकसान याहून अधिक होते. संज्ञा इंग्रजीत शिकविल्या जातात आणि मराठी पारिभाषिक शब्द दिले, तरी ते संस्कृत धातूंवरून घडविलेले व त्याला तितकेच परके असतात. ‘अभिनती’ हा शब्द पाठ करणाऱ्या मुलाच्या घरी ‘यंदाची आणेवारी मुद्दाम वर धरली’ हे वाक्य बोलले गेलेले असते. ती दोन वाक्ये एकाच गोष्टीविषयी आहेत हे त्याला वर्गात कळले, तर शास्त्र त्याच्या अनुभवाचे होईल. यासाठी परिभाषा टाकून देण्याचे कारण नाही. तिच्याशेजारी तिची पूर्वकथा ठेवणे पुरेसे आहे.

ही पूर्वकथा केवळ इतिहासजमा झालेली नाही. दशमान नाणी १९५७ मध्ये आल्यावर आणेवारीची पैसेवारी झाली, आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत नुकसानीच्या हिशेबाचा पाया म्हणून पीक कापणी प्रयोगच धरण्यात आला. कोणता तुकडा कापला, कोणाच्या समक्ष कापला आणि तो कसा निवडला, या प्रश्नांवर शेतकऱ्याच्या हाती येणारी रक्कम अवलंबून राहिली. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्गात हे तीन प्रश्न विचारावयास शिकलेला विद्यार्थी पुढे सूत्रे विसरला, तरी समोर आलेल्या आकड्याला केवळ तो छापलेला आहे म्हणून मान देणार नाही.