मोझेलकाठचे द्राक्षमळे : वाटाड्याविना सायकलयात्रा

युरोपातील द्राक्षमळ्यांचा प्रदेश म्हटले, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फ्रान्स किंवा इटली उभी राहते. परंतु हा प्रदेश सायकलवरून, स्वतःच्या गतीने आणि कोणत्याही सहल कंपनीच्या बसमध्ये न बसता पाहायचा असेल, तर जर्मनीच्या पश्चिम भागातील मोझेल नदीच्या खोऱ्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. ट्रिअर ते कोब्लेन्झ हा नदीकाठचा सुमारे दोनशे किलोमीटरचा मार्ग जवळजवळ सपाट आहे, दर चार-पाच किलोमीटरवर एखादे गाव आहे आणि सरावाचा सायकलपटू नसलेली व्यक्तीही तो पाच दिवसांत सहज पुरा करू शकते.

मात्र या प्रवासाकडे केवळ निसर्गरम्य सुटी म्हणून पाहणे अपुरे ठरेल. १९९० च्या सुमारास मोझेलच्या खोऱ्यात १२ हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र द्राक्षाखाली होते. आज ते साडेआठ हजार हेक्टरांच्या आसपास उरले आहे. सोडून दिलेल्या मळ्यांत उभ्या चढणीवरचे मळे बरेच आहेत आणि याच मळ्यांनी या खोऱ्याला नाव मिळवून दिले. प्रवासी कोठे मुक्काम करतो आणि कोणाच्या तळघरातली बाटली विकत घेतो, याला इथे काही अर्थ आहे.

नदी आणि मार्ग

मोझेल ही फ्रान्समधील व्होज पर्वतात उगम पावते, लक्झेम्बर्ग आणि जर्मनी यांची सीमा आखत पुढे येते आणि एकूण सुमारे ५४४ किलोमीटरचा प्रवास करून कोब्लेन्झ येथे ऱ्हाईनला मिळते. ट्रिअरपासून कोब्लेन्झ सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटर. पण नदी इतकी वळणे घेते, की काठाने जाताना हे अंतर दुप्पट होते. आगगाडीने ही वळणे टाळली आहेत. कोखेमजवळ चार किलोमीटरहून अधिक लांबीच्या बोगद्यातून गाडी काही मिनिटांत पलीकडे जाते. सायकलस्वाराला तेच ठिकाण गाठण्यासाठी वीस किलोमीटरहून लांब वळसा पडतो. या वळशातच प्रवासाचे सार आहे.

वळणांमुळे एक गोष्ट घडते. द्राक्षाला हवा असलेला दक्षिणाभिमुख उतार कधी डाव्या काठावर येतो, तर कधी उजव्या. म्हणून मळे नीट पाहायचे असतील, तर समोरच्या काठाने सायकल चालवावी आणि मळ्यात जायचे असेल तेव्हा पूल ओलांडावा. १९५६ च्या करारानुसार नदीवर बंधारे बांधून १९६४ मध्ये ती मोठ्या जहाजांसाठी खुली करण्यात आली. त्यामुळे पाणी संथ असते आणि काठाने जाणारा मार्गही तसाच शांत आहे.

पाच दिवसांचे टप्पे

पहिला टप्पा ट्रिअर ते नॉयमागेन, सुमारे ४० किलोमीटर. ट्रिअर हे रोमन काळातील मोठे नगर. तेथील ‘पोर्ता निग्रा’ हा दगडी दरवाजा दुसऱ्या शतकातील असून शहरातील रोमन वास्तूंचा समावेश १९८६ मध्ये जागतिक वारशात झाला. नॉयमागेनला १८७८ मध्ये मद्याची पिंपे वाहणाऱ्या नौकेचे एक दगडी शिल्प सापडले. ते एका रोमन व्यापाऱ्याच्या समाधीवरचे होते. मूळ शिल्प ट्रिअरच्या संग्रहालयात आहे, गावात त्याची प्रतिकृती पाहायला मिळते. चौथ्या शतकात औसोनियस या कवीने या नदीवर ‘मोसेला’ हे लॅटिन काव्य रचले, तेव्हाही काठावर वेली होत्या.

दुसरा टप्पा बेर्नकास्टेल-कूसपर्यंतचा, अवघा २५ किलोमीटरचा. वाटेत पीसपोर्ट येथे १९८५ मध्ये उजेडात आलेला चौथ्या शतकातील रोमन द्राक्षघाणा आहे. हा दिवस मुद्दाम लहान ठेवावा, कारण कूस येथील सेंट निकोलस रुग्णालयासाठी दोन तास हवेतच. तत्त्वज्ञ आणि कार्डिनल निकोलस यांनी पंधराव्या शतकात आपल्या जन्मगावी ही संस्था ३३ वृद्ध, निराधार पुरुषांसाठी स्थापन केली. ख्रिस्ताचे आयुष्य ३३ वर्षांचे मानले जाते, म्हणून ती संख्या. संस्थेच्या खर्चासाठी द्राक्षमळे जोडून दिले होते. पाचशेहून अधिक वर्षांनंतरही तेथे वृद्ध राहतात आणि संस्थेच्या मळ्यांतून मद्य तयार होते.

तिसरा टप्पा त्सेलपर्यंत, सुमारे ४० किलोमीटर. प्रारंभीच वेलेन गावासमोरच्या खडकावर १८४२ मध्ये बांधलेले सूर्यघड्याळ दिसते. मळ्यातील मजुरांना वेळ कळावी म्हणून ते बांधले गेले आणि पुढे मळ्यालाच ‘झोनेनउअर’, म्हणजे सूर्यघड्याळ, हे नाव पडले. पुढे नदीपासून दीडशे मीटरहून अधिक उंचीवर, २०१९ मध्ये खुला झालेला महामार्गाचा पूल आडवा येतो. या पुलाला मद्य उत्पादकांनी व निसर्गप्रेमींनी दीर्घकाळ विरोध केला होता. तो योग्य की अयोग्य, हे त्याच्या सावलीत उभे राहून ज्याने त्याने ठरवावे.

चौथा टप्पा त्सेल ते कोखेम, ३७ किलोमीटर. या वाटेवर ब्रेम गावाचा काल्मोंट हा युरोपातील सर्वांत उभ्या मळ्यांपैकी एक आहे. काही ठिकाणी त्याचा उतार ६५ अंशांच्या घरात जातो. पाचवा टप्पा कोब्लेन्झपर्यंत, सुमारे ५० किलोमीटरचा. वाटेत मोझेलकेर्न येथे सायकल ठेवून जंगलातून तासाभराची पायपीट केली, की एल्ट्झ किल्ला लागतो. हा किल्ला शतकानुशतके एकाच घराण्याकडे आहे.

उतारावरचे कष्ट

मोझेलच्या उतारावर मातीपेक्षा पाटीचा दगडच अधिक दिसतो. हा काळसर दगड दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री वेलींना ऊब देतो. अशा थंड प्रदेशात उशिरा पिकणाऱ्या रीस्लिंग जातीच्या द्राक्षाला याच उबेचा आधार होता. १७८७ मध्ये ट्रिअरचे शासक क्लेमेन्स वेन्त्सेस्लाउस यांनी हलक्या जातीच्या वेली काढून चांगल्या जाती लावण्याचा हुकूम काढला आणि त्यातून रीस्लिंगचा प्रसार झाला. आज या खोऱ्यातील निम्म्याहून अधिक क्षेत्र याच जातीखाली आहे.

या उतारांवर ट्रॅक्टर चढत नाही. जुन्या पद्धतीत प्रत्येक वेल स्वतंत्र खांबाला बांधलेली असते. छाटणी, बांधणी आणि काढणी हातानेच होते. काही मळ्यांत दातेरी रुळावरून चालणारी एकेरी गाडी माणसे व पेट्या वर नेते, एवढीच काय ती यंत्राची मदत. सपाट मळ्यात यंत्राने होणाऱ्या कामाच्या तुलनेत इथे कित्येक पट तास खर्ची पडतात. बाजारात भाव मात्र त्या प्रमाणात मिळत नाही. पुढची पिढी शहराकडे वळते, वृद्ध मालक वरचे तुकडे सोडून देतो आणि काही वर्षांतच तेथे काटेरी झुडपे माजतात. हवामान तापत असल्याने आता कमी उताराच्या जमिनीतही द्राक्ष पिकते, त्यामुळे उभ्या चढणीचा जुना फायदाही घटला आहे.

हे दुखणे नवे नाही. ट्रिअरमध्येच १८१८ साली जन्मलेल्या कार्ल मार्क्सने १८४३ मध्ये ‘ऱ्हाइनिशे झायटुंग’ या वृत्तपत्रातून मोझेलच्या द्राक्ष उत्पादकांच्या हलाखीवर लिहिले होते. आर्थिक प्रश्नांकडे आपण वळलो त्यामागे हा विषयही होता, असे त्याने पुढे नमूद केले.

मळा गेला की केवळ मद्य जात नाही. कोब्लेन्झजवळील विनिंगेनच्या परिसरात, दगड रचून केलेल्या तालींच्या आधाराने अपोलो फुलपाखराची एक उपजात जगते. तिचे शास्त्रीय नाव याच गावावरून पडले आहे. ताली ढासळल्या आणि उतारावर झाडोरा वाढला, की तिचा आसराही जातो.

वाटाड्याविना म्हणजे कसे?

या प्रकारच्या सहलीचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात एखादी कंपनी मुक्काम ठरवते, नकाशे व सायकल देते आणि रोज सकाळी सामान पुढच्या गावी पोहोचवते. सोबत मार्गदर्शक किंवा गट मात्र नसतो. दुसऱ्यात सर्वकाही स्वतःच करायचे. मार्गावर ठिकठिकाणी सायकलची खूण असलेले फलक असल्याने वाट चुकण्याची भीती फारशी नाही. ‘बेट उंड बाइक’ ही जर्मन सायकलस्वार संघटनेची खूण असलेल्या घरगुती निवासांत एका रात्रीपुरतीही खोली मिळते आणि सायकल ठेवायला बंदिस्त जागा असते.

थकवा आला तर माघारही सोपी आहे. कोब्लेन्झ ते बुलाय रेल्वे नदीची साथ करते आणि तेथून ट्राबेन-ट्रारबाखला फाटा जातो. त्यापलीकडे ट्रिअरच्या दिशेने बराच टप्पा नदीकाठी रेल्वे नाही. तेथे हंगामात सायकलींसाठी जोडगाडी असलेली बस धावते. तिची जागा आधी राखून ठेवणे इष्ट.

मद्य चाखायचे ते उत्पादकाच्या अंगणात. ‘श्ट्राउसविर्टशाफ्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हंगामी बैठका वर्षातून जास्तीत जास्त चार महिने चालतात. तेथे बागायतदार आपल्याच मळ्यातले मद्य आणि साधे खाणे देतो. दाराशी टांगलेला झाडू किंवा डहाळ्यांचा जुडगा ही त्याची खूण. मद्य न घेणाऱ्यांना द्राक्षाचा रस मिळतो. बाटलीवर बहुधा आधी गावाचे आणि मग मळ्याचे नाव असते. ‘वेलेनर झोनेनउअर’ वाचले, की काल पाहिलेले सूर्यघड्याळ आठवते. ‘ट्रोकेन’ म्हणजे गोडी नसलेले, तर ‘काबिनेट’ हा हलका प्रकार.

हे लक्षात ठेवावे

* मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान आहे. तेथून रेल्वेने कोब्लेन्झमार्गे ट्रिअर गाठता येते. शेंगेन व्हिसा आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा आवश्यक.
* मे ते ऑक्टोबरचा प्रारंभ हा काळ उत्तम. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणी व उत्सव असतात, तेव्हा खोल्या आधीच ठरवाव्यात. द्राक्षे पिकल्यावर मळ्यातील काही पायवाटा बाहेरच्यांसाठी बंद असतात.
* वाहतूक रस्त्याच्या उजवीकडून चालते. सायकलला दिवे सक्तीचे आहेत. हेल्मेट सक्तीचे नसले तरी घालावे.
* मद्य घेऊन सायकल चालवणे हा खेळ नव्हे. रक्तात हजारी १.६ इतके मद्यार्क असेल तर सायकलस्वारावरही फौजदारी गुन्हा होतो. हातून चूक वा अपघात घडल्यास ०.३ हे प्रमाणही पुरेसे ठरते. म्हणून चाखणे संध्याकाळी, मुक्कामी पोहोचल्यावर.
* रविवारी दुकाने बंद असतात. शनिवारीच पाव, चीज, फळे घेऊन ठेवावीत.
* शाकाहारींनी मागणी नोंदवताना ‘ओने फ्लाइश’ (मांसाशिवाय) आणि ‘ओने श्पेक’ (डुकराच्या चरबीच्या मांसाशिवाय) हे दोन शब्दप्रयोग पाठ करावेत. कांद्याच्या पारंपरिक पोळीतही हे मांस बहुधा असते.
* हिवाळ्यात व वसंताच्या प्रारंभी पूर आल्यास काठचा मार्ग पाण्याखाली जातो. डिसेंबर १९९३ च्या महापुराच्या खुणा अनेक घरांच्या भिंतींवर आजही दाखवल्या जातात.

कोब्लेन्झला नदी ऱ्हाईनला मिळते त्या ठिकाणी प्रवास संपतो. तेथे पोहोचेपर्यंत एक गोष्ट ध्यानात आलेली असते. काठावरून चित्रासारखा दिसणारा तो हिरवा उतार कुणीतरी दरवर्षी हाताने छाटतो, बांधतो आणि पाठीवर वाहतो, म्हणूनच तो हिरवा आहे. परतताना सामानात उत्पादकाकडून घेतलेल्या दोन बाटल्या असल्या, तर त्या उताराला आपणही आपल्या परीने हातभार लावला, एवढे समाधान प्रवाशाला निश्चितच घेता येईल.